बर्फ नंतर, आधी मास्तर!

माझ्या डेस्कवर, मॉनिटरला टेकवून ठेवलेला एक फोटो आहे. पांढराशुभ्र उतार, लाल जॅकेट, डोळ्यांवर गॉगल, हातात काठ्या आणि पायांत स्कीज. टीममध्ये येणारा प्रत्येक नवा मेंबर विचारतो, "वॉव, तू स्कीइंग करतेस?" आणि मी नुसतीच हसते.

खरं सांगू? तो फोटो मनालीजवळच्या सोलांगचा आहे, पॅकेज टूरमधला. भाड्याचं जॅकेट, भाड्याचे बूट आणि वेळ अर्धा तास. त्यातली वीस मिनिटं बूट चढवण्यात गेली, पाच मिनिटं फोटोत आणि उरलेल्या पाचात गाइडने हाताला धरून मला जेमतेम पंधरा पावलं घसरवत नेलं. लहानपणी संभाजी पार्कातल्या घसरगुंडीवर मी याहून जास्त अंतर कापलं असेल.

हे आज कबूल करायचं कारण म्हणजे आमच्या चौघांच्या गँगने या हिवाळ्यात खरंखुरं स्कीइंग शिकायचं ठरवलंय. कॅन्टीनमध्ये चहा संपायच्या आत चार नावं पुढे आली. गुलमर्ग, औली, मनाली आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या साहेबांचं स्वित्झर्लंड. साहेबांना होम लोनचा हप्ता आठवला आणि स्वित्झर्लंड आपोआप गळालं. उरलेल्या तिघांवरून मात्र आठवडाभर भांडणं झाली. शेवटी लक्षात आलं, आपला प्रश्नच चुकतोय. "कुठला डोंगर भारी?" हा प्रश्न ज्याला स्कीइंग येतं त्याचा. आपला प्रश्न वेगळा: शिकवणार कोण, आणि प्रत्यक्ष बर्फावर दिवस किती मिळणार?

टिळक टँकची उथळ बाजू

पोहायला शिकताना आपण थेट गोव्याच्या समुद्रात उडी मारली नव्हती. टिळक टँकच्या उथळ बाजूला कठडा धरून पाय मारले होते. स्कीइंगचंही तसंच. पहिला दिवस जड बूट घालून चालण्यात आणि पडून उठण्यात जातो. हो, पडायलाही शिकावं लागतं, आणि उठणं त्याहून कठीण! मग स्कीज आडव्या ठेवून उतार चढणं, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून ब्रेक लावणं. तिसऱ्या दिवशी मांड्या संपावर जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी पहिलं वळण जमतं आणि तिथून खरी मजा सुरू होते. म्हणजे दोन-तीन दिवसांसाठी गेलात, तर मजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही परतीच्या गाडीत!

गुलमर्ग: नाव मोठं, उतार दोन प्रकारचे

गुलमर्गची उंची साधारण २,६५० मीटर. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला, तेव्हापासून हे नाव गाजतंय. श्रीनगरला उतरलात की पुढे जेमतेम पन्नास किलोमीटर, त्यामुळे प्रवासात दिवस कमी जातात. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था इथेच आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान. तो इथून खाली असलेल्या तंगमर्ग भागातला. थोडक्यात, शिकवणाऱ्यांची इथे परंपरा आहे.

पण गोंडोलाचे फोटो बघून हुरळू नका. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा, २००५ मध्ये सुरू झालेला, थेट अफरवतच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर. जगभरचे पट्टीचे स्कीअर येतात ते या वरच्या मोकळ्या, न दाबलेल्या बर्फासाठी. तिथे हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर गेले. नवशिक्याचं गुलमर्ग खाली आहे, गावाजवळच्या बुटक्या उतारांवर. फोटोत ते अजिबात थरारक दिसत नाहीत. म्हणूनच ते आपले!

औली: शिस्तीचा वर्ग

उत्तराखंडमधलं औली म्हणजे उन्हाळ्यात कुरण आणि हिवाळ्यात स्कीचा उतार, समोर नंदादेवी. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या. आयटीबीपीची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्था इथे आहे. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे गढवाल मंडल विकास निगम इथे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेत आलंय. उतार फार उग्र नाहीत आणि वातावरण पर्यटकी कमी, शाळेसारखं जास्त.

अडचण रस्त्याची. ऋषिकेशहून जोशीमठ, म्हणजे आताचं ज्योतिर्मठ, अडीचशे किलोमीटर. हे घाटातले किलोमीटर, एक्स्प्रेसवेचे नव्हेत. दिवस पूर्ण जातो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना भेगा पडल्या आणि औलीला नेणारा प्रसिद्ध रोपवे बंद करावा लागला. त्यामुळे रोपवे धरून प्लॅन करू नका, जीपने वर जायची तयारी ठेवा.

मनाली-सोलांग: फोटो की कोर्स?

माझ्या फोटोमुळे सोलांगला नावं ठेवणं बरोबर नाही. चूक जागेची नव्हती, अर्ध्या तासाची होती. मनालीत अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे आणि तिचे स्की कोर्स चांगले खडूस आहेत. २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य जिंकून आंतरराष्ट्रीय स्कीइंगमध्ये देशाला पहिलं पदक मिळवून देणारी आंचल ठाकूर याच भागातली. पण संस्थेचा बेसिक कोर्स चौदा दिवसांचा. कॉलेजात असताना हे सुचलं असतं तर! आता चौदा दिवस रजा मागितली तर बॉस रजेऐवजी राजीनामा मंजूर करेल. ज्यांना दोन जॉबच्या मध्ये मोकळा महिना मिळतोय, त्यांनी मात्र हाच पर्याय बघावा.

पासपोर्ट असेल तर

आल्प्स थोडे थांबतील. कझाकस्तानात अल्माटी शहराच्या डोक्यावर शिंबुलाक आहे. सकाळी हॉटेलातून निघायचं, मेदेऊच्या प्रचंड आइस रिंकपासून गोंडोला पकडायची आणि वर पोचायचं. भारतीय पासपोर्टवर चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. फक्त इंग्रजी बोलणारा शिक्षक आधीच पक्का करा. घसरताना रशियन सूचना कळायला उशीर होतो.

आणि दुबईच्या मॉलमधलं स्कीइंग? २००५ पासूनचं आहे, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. ट्रिप म्हणून नको, पण दुबईत ऑफिसचं काम निघालंच, तर एक क्लास करून बघा. हा छंद आपला आहे की नाही, ते तासाभरात कळेल.

बर्फच नसेल तर?

हा प्रश्न आता हसण्यावारी नेता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन सीझनला गुलमर्ग कोरडं पडलं होतं. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. औलीलाही हा फटका बसलाय. तेव्हा ख्रिसमसच्या सुट्टीचा मोह सोडा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.

घरचं मत

आमची दिवसांची बेरीज गुलमर्गच्या बाजूने होती. पण गँगमधल्या एका मैत्रिणीची आई ठाम होती, "काश्मीर नको." २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात सहा महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पनवेलची आणि आपल्या पुण्याचीही. त्या माऊलीला "काही होत नाही हो काकू" असं कुठल्या तोंडाने सांगणार? लोक गुलमर्गला जातात आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांच्यासाठी जायलाही हवं, असं मला मनापासून वाटतं. पण जी आई रात्रभर फोनकडे बघत बसणार, तिच्या झोपेवर माझी ट्रिप उभी करायची नव्हती. आणि मैत्रिणीला मागे ठेवून तिघांनी जायचं, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही.

मग औली. सात दिवसांचा कोर्स आणि जाऊन-येऊन चार दिवस, म्हणजे एकूण अकरा. दोन वीकेंड पकडले तरी सात रजा. अर्ज घेऊन मी बॉसच्या केबिनमध्ये गेले. त्याने कारण वाचलं, काचेतून माझ्या डेस्ककडे बघितलं आणि म्हणाला, "बेसिक कोर्स? पण तुला तर येतं ना?"

"नाही सर," मी म्हटलं, "तो फक्त फोटो आहे."

तो हसला आणि सही केली. फोटो मी ड्रॉवरमध्ये टाकलाय. फ्रेम तेवढी डेस्कवर ठेवलीय, रिकामी.

जाण्याआधी एवढं कराच

- विचारून घ्या: एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? स्कीज, बूट आणि हेल्मेट फीमध्ये आहेत का? बर्फ नसेल तर पैसे परत की पुढची तारीख?
- महिनाभर आधीपासून रोज बैठका आणि रविवारी सिंहगड. लिफ्ट विसरा, ऑफिसचे जिने चढा.
- जीन्स घरी ठेवा. ओला सुती कपडा बर्फात अंग गारठवतो. आत लोकर किंवा थर्मल, वर पाणी न शिरणारी पँट-जॅकेट.
- बूट भाड्याने घेताना वेळ काढा. टाच उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा. लाजू नका.
- बर्फावरून उलटून येणारं ऊन चेहरा भाजून काढतं. सनस्क्रीन आणि चांगला गॉगल हवाच.
- ट्रॅव्हल इन्शुरन्सची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पॉलिसींत स्कीइंग धरलेलं नसतं.
- पहिल्या दिवशी फोटो काढू नका. पाचव्या दिवशी काढा.