आमवाताला औषध द्या, औषधावर देखरेखही द्या : रुग्ण संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आमवाताची औषधे आणि त्यांच्या दुष्परिणामांच्या तपासण्या सरकारी रुग्णालयांत एकत्र मिळण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय आहोत. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावरच उलटते. सकाळी मूठ वळत नाही, कणीक मळता येत नाही, बसचा दांडा धरवत नाही. उपचार लांबले की हाडे झिजतात आणि बोटे कायमची वाकडी होतात. पुरुषांच्या दुपटी-तिपटीने स्त्रियांना हा आजार होतो, तोही बहुधा ऐन कामाच्या वयात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला तो आढळला. खेड्यापाड्यांतही तो आहे, याचा हा पुरावा.

या आजाराला आवर घालणारी औषधे आहेत आणि त्यांतली मुख्य औषधे महाग नाहीत. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही तिन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. एकट्या मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांवरील एक मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या तीन गोळ्यांचा एकत्रित उपचार इटानरसेप्ट या महागड्या इंजेक्शनासह दिलेल्या मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड ठरला. मात्र या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि त्या यकृत, अस्थिमज्जा किंवा डोळ्यांना अपायही करू शकतात. अपाय वेळीच कळला तर बहुतेकदा टळतो. म्हणून गोळीइतकीच तिच्यावरची देखरेख हा उपचाराचा भाग आहे. आज ती रुग्णाच्या ऐपतीवर सोडलेली आहे. आमच्या सर्व मागण्या येथून निघतात.

१. अखंड पुरवठा. वरील तिन्ही औषधे आणि मेथोट्रेक्सेटसोबत घ्यायचे फॉलिक ॲसिड प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात वर्षभर मिळावीत आणि किमान तीन महिन्यांचा साठा राखीव असावा. मार्च २०२० मध्ये करोना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची शिफारस झाली आणि नियमित रुग्णांना एका दुकानातून दुसऱ्या दुकानात वणवण करावी लागली. पुन्हा असा प्रसंग आला, तर नियमित रुग्णांचा वाटा आधी बाजूला काढावा.

२. ‘आठवड्यातून एकदाच’ हा इशारा मराठीत. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जंतुसंसर्ग बळावतो. या एका चुकीने जगात अनेक माणसे दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापण्याची शिफारस केली. आपल्याकडे सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा तशीच लहान आणि पिवळी असते, त्यामुळे घोटाळा सहज होतो. म्हणून सरकारी औषध खिडकीवर पाकिटावर मराठीत शिक्का मारावा, चिठ्ठीवर डॉक्टरांनी वाराचे नाव लिहावे आणि एका रुग्णाला एकाच ताकदीची गोळी द्यावी.

३. तपासण्या मोफत आणि त्याच दिवशी. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड हे आमवाताचे आणखी एक औषध घेणाऱ्यांच्या रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी व्हावी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांचा डोळ्यांचा पडदा सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा. मेथोट्रेक्सेट व लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. मूल होऊ शकेल अशा वयाच्या प्रत्येक स्त्रीला औषध सुरू करण्यापूर्वीच हे समजावून सांगावे. औषध एका दिवशी आणि रक्त दुसऱ्या दिवशी, अशा फेऱ्यांत रोजंदारीवरच्या बाईची मजुरी बुडते आणि शेवटी तपासणीच सुटते.

४. स्टेरॉइडच्या पुड्यांवर कारवाई. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी मात्रेत, थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड उपयोगी पडते. पण ‘हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असले, तर दुखणे थांबते आणि आतून सांधे झिजतच राहतात. सोबत हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू होतो. अन्न व औषध प्रशासनाने अशा पुड्यांचे नमुने नियमित तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणेही जिवावर बेतू शकते. म्हणून कारवाईसोबत अशा रुग्णांना उपचाराची वाट दाखवावी.

५. बायोलॉजिक औषधांसाठी बाह्यरुग्ण तरतूद. तीन गोळ्यांनीही आजार न आवरणाऱ्यांना पुढची औषधे लागतात. अडालिमुमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनाचे भारतीय बनावटीचे रूप २०१४ पासून बाजारात आहे, तरी त्याचा खर्च मजूर कुटुंबाला झेपत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. ही इंजेक्शने मात्र महिनोन्‌महिने घरी राहून घ्यायची असतात. तज्ज्ञ समितीच्या मंजुरीने ती योजनेत आणावीत. या औषधांनी दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे व क्षयरोगाची चाचणी सक्तीची असावी. याच टप्प्यावर वापरली जाणारी टोफासिटिनिबची गोळी देताना हृदयविकार, रक्ताची गुठळी आणि कर्करोग यांचा धोका आधी तपासावा.

६. जिल्ह्याला एक प्रशिक्षित डॉक्टर. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अशा डॉक्टरची आमवाताची ओपीडी असावी आणि तिला ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून संधिवाततज्ज्ञांचा सल्ला मिळावा.

पहिल्या दोन मागण्यांना नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. नियमित खरेदी आणि एक परिपत्रक एवढ्याने त्या मार्गी लागतील; त्या तीन महिन्यांत अमलात आणाव्यात. उरलेल्या चार मागण्यांसाठी कालमर्यादेसह शासन निर्णय काढावा. रुग्णांसाठी मराठी औषध-वही तयार करणे आणि ओपीडीत नव्या रुग्णांना ती भरायला शिकवणे, हे काम आमचे सभासद विनामोबदला करतील. चर्चेसाठी आपण वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद