बंपरचं मिटवा, हाडाचं मिटवू नका

बुधवारच्या बाजारात, नागपूरच्या सक्करदरा चौकातल्या गर्दीत कधीच गाडी घासली नाही असा कारवाला आमच्या भागात विरळाच. मी मोटार विम्याची एजंट, त्यामुळे मला येणारा फोनही ठरलेला: "ताई, क्लेम टाकू का राहू देऊ?" स्वतःच्याच गाडीचा बंपर फुटला असेल तर मी सरळ सांगते, राहू द्या.

समजा, बंपर ६,००० रुपयांचा आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापतात, त्यावर लहान गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. हाती उरतात २,००० आणि थोडीफार मजुरी. त्यासाठी पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्के नो क्लेम बोनस जातो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, हप्ता १०,००० असेल, तर आज तुम्ही ५,००० भरता. क्लेमनंतर आधी पूर्ण हप्ता, मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ टक्के सूट. हप्ता तोच धरला तर पुन्हा ५० वर पोचेपर्यंत १२,५०० रुपये जास्तीचे जातात. त्यापेक्षा ओळखीच्या डेंटिंगवाल्याला पैसे दिलेले बरे.

माझा राग आहे तो हाच हिशेब माणसाला लावण्यावर. सक्करदरा तलावाजवळ माझ्या एका ग्राहकाच्या गाडीचा धक्का लागून डिलिव्हरीचा पोरगा पडला. "भाऊ, हे दोन हजार घे, दाखवून घे." भोवतीचे लोकही म्हणाले, मिटवून टाका. पोरानं एका हातानं नोटा घेतल्या, कारण दुसरा वर होतच नव्हता. दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, एक्स-रे काढला तर कॉलर बोन मोडलेलं. बिनपगारी घरी बसला तो. आणि ग्राहक मला समाधानानं सांगत होता, बोनस वाचला!

अहो, बोनसचा इथे संबंधच नाही. तो ओन डॅमेजवर मिळतो. थर्ड पार्टीच्या दाव्यानं त्याला धक्का लागत नाही. समोरच्याला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणूनच थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा केलाय, आणि त्याचा हप्ता आपण दरवर्षी भरतो. शिवाय कंपनीच्या लेखी संमतीविना चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, ही अट पॉलिसीतच असते. जखमीला दवाखान्यात नेणं, पोलिसांना आणि कंपनीला कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथल्याच उड्डाणपुलावर भरधाव कारनं दुचाकींना उडवलं, एकाच घरातली चार माणसं गेली. तिथे 'मिटवून टाका' म्हणायची कुणाची छाती झाली असती? मग मोडलेल्या हाडापाशी ती कशी होते?

लोक चौकातच का मिटवतात, हे मला कळतं. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाच्या तारखा, ठाण्याच्या चकरा, बुडालेली रोजी. समोरच्याच्या फुटलेल्या मडगार्डसाठी तिथे कुणी जाणार नाही. ते बिल कंपनीची लेखी संमती घेऊन, दुकानदाराच्या पावतीप्रमाणे पूर्ण द्या, घासाघीस करू नका. पण माणूस पडला असेल तर तो "काही नाही लागलं" म्हणाला तरी आधी मेडिकल आणि मग सक्करदरा पोलीस ठाणं. आणि विमा कंपन्यांना माझं सांगणं आहे की ती संमतीची अट आणि थर्ड पार्टीच्या दाव्यानं बोनस जात नाही ही ओळ, दोन्ही पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत छापा.