धाव आणि तुंबा

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्यापूर्वी लोहार चाकाचा घेर मोजून घेई आणि धाव त्याहून किंचित लहान घडवी. तापून प्रसरण पावलेली धाव चाकावर बसवून वर पाणी ओतले, की ती आकसून लाकडास आवळून धरी. धाव सैल झाली तर ती वाटेत निखळणार आणि फाजील घट्ट झाली तर आरे मोडणार, हे त्या लोहारास पुस्तकावाचून ठाऊक होते.

मोटारीच्या चाकाचे गणित याहून फार निराळे नाही. फक्त ते रबराच्या भिंतीवर आकड्यांत छापलेले असते, आणि छापलेले असते म्हणूनच बहुधा कोणी वाचीत नाही. गेल्या महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे असाच आकड्यांचा कागद घेऊन आला. त्याच्याजवळ २०१८ साली भारतात आलेल्या पिढीची स्विफ्ट आहे, खालच्या श्रेणीतील. चाके चौदा इंची. चपळ गाडीस शोभतील अशी सतरा इंची चाके त्यास हवी होती. शहरातील एका दुकानदाराने त्यास २०५/४५ आर १७ हे माप सुचविले होते आणि "मूळ टायरच्या उंचीत तीनच मिलिमीटरांचा फरक पडतो" अशी ग्वाही दिली होती. हा गृहस्थ दर पंधरवड्यास वृद्ध आईस घेऊन इंदूरहून भेरूघाट उतरून खंडव्यास जातो. तेव्हा प्रश्न निव्वळ शोभेचा नव्हता.

प्रथम ही लिपी वाचू या. त्याच्या गाडीचे मूळ माप १६५/८० आर १४. यातील १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ८० हा शेकडा हिशेब, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. १४ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत केली असती, तर आम्ही तांबडी रेघ ओढली असती. परंतु सारे जग ती मुकाट्याने चालवून घेते. 'आर' म्हणजे त्रिज्या नव्हे. तो 'रेडियल' बांधणीचा निदर्शक आहे. ह्या बांधणीचे पेटंट मिशेलिन कंपनीने १९४६ साली घेतले.

आता बेरीज. १६५ चे ऐंशी टक्के १३२. वर आणि खाली मिळून २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६. एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर. दुकानदाराच्या मापाची उंची याच रीतीने ६१६.३ येते. म्हणजे दुकानदार खोटे बोलला नव्हता. ही उंची जुळणे अगत्याचेच आहे, कारण वेगदर्शक काटा चाकाचे फेरे मोजतो. २१५/६० आर १६ सारखे दांडगे टायर ह्या गाडीस बसविले, तर काटा ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे ८६ च्या वेगाने धावेल.

पण उंची जुळली म्हणजे सारे जुळले, ही समजूतच घातक. मूळ टायरची भिंत १३२ मिलिमीटर, नव्याची अवघी ९२. रस्त्यावरील खड्डा प्रथम ही भिंत गिळते. तिच्यातील चाळीस मिलिमीटर वजा झाले, की उरलेला धक्का रिम आणि सस्पेन्शन यांच्या वाट्यास येतो. वळणावर गाडी अधिक ठाम वाटते, हेही खरे, आणि तरुणांस भुरळ पडते ती त्याचीच. परंतु पावसाळ्यातील घाटात रिम वाकून हवा निघून गेली, म्हणजे तो ठामपणा काय कामाचा?

दुसरी गोष्ट भाराची. मापानंतर एक लहानसा अंक आणि अक्षर असते. मूळ टायरवरील ८५ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५१५ किलो. २०५/४५ आर १७ च्या साध्या बांधणीत हा अंक ८४, म्हणजे ५०० किलो. रुंदीने भारदस्त दिसणारे टायर वजन पेलण्यात उणे ठरते, कारण भार पेलते ती आतील हवा, आणि बुटक्या भिंतीत हवेस जागा थोडी. जादा बळकट बांधणीचे टायर मिळते, पण त्यात हवेचा दाबही वाढवावा लागतो. अंकापुढील अक्षर वेगमर्यादेचे: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०. आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट तुंब्याची, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. ह्या स्विफ्टच्या तुंब्यावर चार बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. परदेशी विकल्या गेलेल्या 'स्विफ्ट स्पोर्ट'च्या तुंब्यावर पाच, ११४.३ च्या वर्तुळात. नाव एक, घराणे एक, पण एकीचे चाक दुसरीस चालत नाही. शिवाय चाकाचे मधले भोक तुंब्यावर नेमके बसले पाहिजे. ते सैल असेल तर मध्ये योग्य मापाची कडी हवी, अन्यथा वेगात सुकाणू थरथरते. आणि रिम एका इंचाने रुंद झाली, की ती अर्धा इंच आत व अर्धा इंच बाहेर सरकते: आत शॉक ॲब्सॉर्बर, बाहेर मडगार्ड. ती बाहेर ढकलून आतली जागा राखली, तर बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो. घासते की नाही, हे गाडी माणसांनी भरून व सुकाणू दोन्ही बाजूंस पुरते वळवूनच पाहावे, दुकानातल्या सपाट फरशीवर नव्हे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीने हाच मुद्दा काढला, तर दुकानदार काही मदतीस येणार नाही.

आम्ही त्यास दुसरा कागद दिला. त्याच गाडीच्या वरच्या श्रेणीस निर्माताच १८५/६५ आर १५ हे माप देतो. उंची ६२१.५, म्हणजे मूळच्याहून दोनच मिलिमीटर अधिक, भिंत १२०, भाराचा अंक ८८, म्हणजे ५६० किलो. रुंदी वीस मिलिमीटरांनी वाढते, वळणावर पकड सुधारते आणि कायद्यासही बोट ठेवण्यास जागा राहत नाही. वाचलेल्या पैशांत उत्तम प्रतीचे टायर घ्यावे. रबराचा कस हा मापाहून अधिक गुण दाखवितो, असे आमचे मत आहे. घेताना भिंतीवरील चार आकडी तारीख पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

चिरंजीव थोडे हिरमुसले. तथापि पंधरा इंची अलॉय चाके बसवून ते आईसह खंडव्यास जाऊन आले. चाके काळी घेतली की चंदेरी, हे आम्ही विचारले नाही.