विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला टायर कोणते? खाचांपेक्षा तारीख महत्त्वाची का?

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवर पोर्शच्या २० वर्षे जुन्या ‘कॅरेरा जीटी’ने २०२४ मध्ये ७ मिनिटे १२.६९ सेकंदांत फेरी पूर्ण केली. ही मोटार नवी असतानाच्या वेळेपेक्षा ही वेळ १५ सेकंदांहून अधिक कमी होती. मोठा बदल होता तो नव्या पिढीच्या मिशेलिन टायरचा. याच मॉडेलच्या मोटारीत हॉलीवूड अभिनेता पॉल वॉकरचा मृत्यू झाला, तेव्हा तिचे टायर नऊ वर्षांचे होते.

पॉल वॉकरच्या अपघातात काय आढळले?

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लारिटा येथे हा अपघात झाला. मोटार वॉकरचा मित्र चालवत होता. दोघेही दगावले. तपासानुसार वेग ताशी ८० ते ९३ मैल, म्हणजे सुमारे १३० ते १५० किलोमीटर होता. मर्यादा ४५ मैलांची होती. अतिवेग हेच कारण ठरले. मात्र जुन्या टायरमुळे मोटारीच्या नियंत्रणावर परिणाम झाला असावा, असेही तपासकर्त्यांनी नोंदवले.

खाचा शाबूत असूनही टायर निकामी कसा?

हौसेची मोटार वर्षातून मोजकेच किलोमीटर धावते. त्यामुळे खाचा झिजत नाहीत, पण ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजनमुळे रबर कडक होत जाते. पकड कमी होते, भेगा पडतात. टायरच्या बाजूवरील चार आकडी क्रमांक त्याचे वय सांगतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी टायर बदलावा, असा मिशेलिनचा सल्ला आहे.

मग सर्वांत जास्त पकड देणारा टायर का नको?

१९६१ मध्ये आलेल्या जग्वार ई-टाइपसारख्या मोटारीचे सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि तारांची चाके अरुंद व उंच टायरसाठी घडवलेली होती. रुंद, चिकट टायर लावल्यास वळणावर या भागांवरचा ताण वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसेल तर मोटार वळवणे जड जाते. जुन्या धाटणीचा टायर घसरण्यापूर्वी चालकाला हळूहळू इशारा देतो. कमी उंचीचा आधुनिक टायर पकड उशिरा सोडतो, पण अचानक सोडतो. बाहेरचा व्यास बदलला, तर स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो.

कंपन्यांनी कोणता मार्ग काढला?

पिरेलीच्या ‘कोलेझिओने’ मालिकेत टायरचे रूप जुने, पण रबर व तंत्र आधुनिक आहे. मिशेलिनही ‘एक्सडब्ल्यूएक्स’सारखे जुने टायर आजही बनवते. पोर्शने आपल्या मोटारींसाठी मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ ही खूण असते.

निवडताना काय पाहावे?

मूळ माप, भार पेलण्याची क्षमता आणि वेगाची खूण. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, ‘व्ही’ २४० आणि ‘डब्ल्यू’ २७०. चारही टायर एकाच बांधणीचे हवेत. रेडियल आणि जुने क्रॉस-प्लाय, म्हणजे आपल्याकडचे ‘नायलॉन’ टायर, एकत्र लावणे धोक्याचे आहे.

भारतातील मालकांनी काय लक्षात घ्यावे?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अशी मोटार रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. त्यामुळे ती बहुतेक काळ गॅरेजमध्येच उभी राहते आणि टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रंग आणि क्रोमवर लाखो रुपये खर्च होतात, पण प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. रॅलीपूर्वी मोटार पुसण्याआधी टायरवरचे ते चार आकडे वाचणे म्हणूनच गरजेचे आहे.