‘लाइन क्लिअर’ची किंमत

रेल्वेला अपघात झाला की दुसऱ्याच दिवशी ‘मानवी चूक’ हे दोन शब्द छापून येतात. कोणी स्टेशनमास्तर वा केबिनमधला कर्मचारी निलंबित होतो आणि प्रकरणावर पडदा पडतो. या दोन शब्दांआड जी व्यवस्था उभी आहे तिच्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर दोषाची वाटणी बरीच निराळी करावी लागते.

आपल्या देशातील बहुतेक मार्गांवर आजही एकच मूळ नियम चालतो : दोन स्टेशनांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी. मागचा स्टेशनमास्तर घंटीच्या ठोक्यांनी व टेलिफोनने पुढच्याला विचारतो, गाडी पाठवू का? आधीची गाडी शेवटच्या डब्यासह पोहोचली, पहिल्या सिग्नलपलीकडे ठरावीक अंतरापर्यंत रूळ मोकळा आहे, अशी खात्री करून पुढचा ‘लाइन क्लिअर’ देतो. दिलेल्या निरोपाचा पुरावा राहावा म्हणून दोघे एकमेकांना दोन आकडी ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतात. तक्त्यातला आकडा एकदा वापरला की त्यावर काट मारायची. एकेरी मार्गावर अनेक वर्षे पोलादी गोळाच ही परवानगी वाहून नेत असे. वेताच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतला तो गोळा धावत्या इंजिनातून झेलणारा चालक जुन्या प्रवाशांना आठवत असेल.

ही पद्धत कोणाच्या कल्पकतेतून सहज रुजलेली नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी एक गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटे थांबून दुसरी सोडत. १८८९ च्या जूनमध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळून सुमारे ८० माणसे मेली. त्याच वर्षी पार्लमेंटने ब्लॉक पद्धती सक्तीची केली. तोवर अनेक कंपन्यांना तिचा खर्च परवडत नव्हता! सुरक्षिततेचा खर्च न परवडण्याची ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

खर्च आहे हे मात्र खरे, आणि तो मोजताही येतो. एकेरी मार्गाची क्षमता काढण्यासाठी रेल्वेत ‘स्कॉट’चे सूत्र वापरतात. दिवसाची १४४० मिनिटे घ्यावयाची. सर्वांत अवघड टप्पा ओलांडण्यास सर्वांत संथ गाडीला लागणारा वेळ आणि दोन स्टेशनांच्या देवाणघेवाणीचा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागावयाचे व येणाऱ्या संख्येचे ७० टक्के धरावयाचे. समजा, टप्प्याला २० मिनिटे लागतात आणि देवाणघेवाणीला ५. दोन्ही दिशा मिळून दिवसाला ४० गाड्या बसतात. देवाणघेवाण ३ मिनिटांत उरकली तर ४३. म्हणजे खात्री करून घेण्याची दोन मिनिटे वाचवली की रूळ न टाकता, रुपया न खर्चता तीन गाड्या पदरात पडतात.

मोह आहे तो इथे. क्षमतेबाहेर गाड्या घातलेल्या मार्गावर विभागीय कार्यालयातील सेक्शन कंट्रोलर मिनिटामिनिटाचा हिशेब मागत असतो. नियमाप्रमाणे ‘लाइन क्लिअर’ची जबाबदारी त्याची नव्हे, स्टेशनमास्तराची. गाडी खोळंबली तर जाब लगेच विचारला जातो. खात्री करण्यात घालवलेल्या मिनिटाचे श्रेय मात्र कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एकाला द्यावयाचा आणि ‘हो’ म्हणवून घेण्याची सारी प्रलोभने भोवती उभी करावयाची, अशी ही रचना आहे.

२० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे फिरोजाबादजवळ नीलगायीला धडकून कालिंदी एक्सप्रेस थांबली होती. ती पुढे गेली की नाही याची खात्री न करता पाठोपाठच्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला वाट दिली गेली. साडेतीनशेच्या आसपास बळी गेले. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमधील रंगापाणीजवळ स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बंद होते आणि चालकांना ते ओलांडण्याचा लेखी परवाना देऊन गाड्या सोडल्या जात होत्या. असाच परवाना घेऊन निघालेली मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळून सुमारे दहा जण दगावले. मालगाडीच्या मृत चालकाला दोष देण्यास त्याच दिवशी सुरुवात झाली. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले, की परवान्यावर वेगमर्यादेचा उल्लेखच नव्हता आणि अशा प्रसंगी काय करावे याचे पुरेसे शिक्षण कोणाला दिलेले नव्हते. यंत्र चालू असता माणसाला विशेष करण्यासारखे उरत नाही. ते बिघडताच सगळा भार पुन्हा त्याच्याच शब्दावर येतो, आणि तेवढीच गोष्ट आपण शिकवावयाची राहून जाते. आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ यंत्रणा त्या मार्गावर नव्हती. देशातील बहुसंख्य मार्गांवर ती अद्याप पोहोचलेली नाही.

मग क्षमता वाढवायचीच नाही काय? जरूर वाढवावी, पण ती दोन मिनिटांच्या खात्रीतून काढू नये. वरच्याच उदाहरणात २० मिनिटांच्या टप्प्याच्या मध्यावर क्रॉसिंगचे एक स्टेशन उभारले, तर टप्पा १० मिनिटांवर येतो आणि देवाणघेवाणीची पाचही मिनिटे शाबूत ठेवून ६७ गाड्या बसतात. कोकण रेल्वेने खारेपाटण, आचिर्णे, कडवई इत्यादी ठिकाणी अशी नवी स्थानके बांधली. रोहे ते वीर हा भाग २०२१ साली दुहेरी झाला. उरलेला बराचसा मार्ग अजून एकेरीच असल्याने गणपतीच्या जादा गाड्या क्रॉसिंगसाठी ताटकळतात, आणि प्रवासी चिडून खिडकीतून ज्याच्या नावाने बोटे मोडतात तो बहुधा स्टेशनमास्तरच असतो. एवढ्यावर खर्च संपत नाही. नव्या स्टेशनावर तिन्ही पाळ्यांना स्टेशनमास्तर आणि सांधेवाले नेमावे लागतात, व हा खर्च उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर दर महिन्याला करावा लागतो. नव्या गाड्यांची घोषणा करणाऱ्या मंत्र्यांना त्याच पत्रकात त्या मार्गावरील रिकाम्या जागांचा आकडाही छापावयास लावले, तर प्रवाशाला निदान आपण कोणत्या हिशेबावर गाडीत बसलो आहोत एवढे कळेल.