दर जुलैला नवे सर

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. विभागात मंजूर पदं तीन. एकावर मी आहे. उरलेली दोन इतकी वर्षं रिकामी आहेत की आत्ताच्या विद्यार्थ्यांना ती पदं कधी भरलेली होती हेच ठाऊक नाही. त्यांचा कार्यभार तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण प्राध्यापक उचलतात. कॉलेजात सगळे त्यांना ‘सीएचबीवाले सर’ म्हणतात.

गावाकडं शिकवायला चांगली माणसं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, असं बैठकांमधून कानावर पडतं तेव्हा मला राग येतो. माणसं येतात. सेट-नेट झालेली, पीएच.डी. पूर्ण केलेली, याच भागात वाढलेली आणि इथंच राहू इच्छिणारी माणसं दर जुलैला फाईल घेऊन मुलाखतीला बसलेली असतात. मागच्या वर्षी तेच वर्ग शिकवलेले सर या वर्षी पुन्हा अर्ज करतात, पुन्हा तीच प्रमाणपत्रं दाखवतात. ती माणसं टिकत नाहीत, कारण टिकावं असं आपण त्यांना काही देतच नाही.

पैशांचा हिशेब सरळ आहे. पदवीच्या एका तासिकेला शासन 900 रुपये देतं. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर चार आठवड्यांचे 32,400 होतात, तेही महिना पूर्ण भरला तर. दिवाळीच्या सुट्टीत, परीक्षांच्या काळात, उन्हाळ्यात तास नसतात म्हणून पैसेही नसतात. बिलं मंजूर होऊन पैसे हातात पडायला कित्येक महिने जातात, तोवर उधारीवर घर चालतं. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच 57,700 रुपये आहे, भत्ते वेगळे. यूजीसीनं 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपयांचा दर सांगितला. तो आमच्या वर्गापर्यंत पोहोचलेला नाही.

आता एका सरांबद्दल सांगते. ते माझेच विद्यार्थी. नमुना निवड हा विषय त्यांनी फळ्यावर संपवला नाही. आमच्या मुलांच्या घरी पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते, आणि तो प्रयोग म्हणजे निव्वळ संख्याशास्त्र. सर मुलांना शेजारच्या गावी घेऊन जात. गट क्रमांकांच्या यादीतून यादृच्छिक अंकांच्या तक्त्यानं शेत निवडायचं, त्यात दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखायचा, तेवढंच सोयाबीन कापून, मळून, तोलायचं आणि मग हेक्टरी उतारा काढून प्रमाण त्रुटी मांडायची. शेतकरी सहजी कुणाला रानात दोरी लावू देत नाही. सरांनी तीन हंगाम त्या गावात जाऊन ओळखी केल्या, कृषी सहायकाला वर्गात बोलावलं, तेव्हा कुठं हे जमलं. एका मुलीनं तर निवडलेलं शेत अडचणीचं म्हणून शेजारचं घेतलं तर उताऱ्यात काय फरक पडतो, हे आकड्यांनिशी दाखवलं. भारतात अशा नमुना पाहणीचा पाया घालणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांचं काम आमची मुलं चिखलात उभं राहून शिकत होती.

चौथ्या वर्षी ऐन सत्रात ते सर पुण्याला एका विमा कंपनीत गेले. मी त्यांना अडवलं नाही. ‘मॅडम, सोयरीक घेऊन आलेली माणसं पगार विचारतात, आणि मला तासाचा दर सांगावा लागतो,’ एवढंच ते म्हणाले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम हुशार आहेत, मेहनती आहेत. पण शेतकऱ्यांच्या ओळखी फाईलमधून हस्तांतरित होत नाहीत. आता तोच प्रयोग प्रयोगशाळेत, पुस्तकातले आकडे घेऊन होतो. त्या मॅडम दुपारनंतर दुसऱ्या गावच्या कॉलेजात तास घ्यायला एसटीनं जातात. शंका विचारायला आलेल्या मुलांना त्या कुठं भेटणार? तासिकेचे पैसे तासिकेपुरतेच असतात. तासानंतर अडलेलं गणित समजावणं, एम.एस्सी.ला कुठं अर्ज करावा हे सांगणं, नापास होऊन गप्प झालेल्या मुलाच्या घरी फोन करणं, यातलं काहीच त्या बिलात बसत नाही. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना सगळ्यात जास्त गरज याचीच असते.

पदं भरायची घोषणा अधूनमधून होते. 2018 मध्ये राज्यात सहायक प्राध्यापकांच्या 3,580 पदांना परवानगी मिळाली, मग कोविडमध्ये भरती थांबली आणि नंतर त्यांतल्याच उरलेल्या 2,088 पदांसाठी नव्यानं परवानगी द्यावी लागली. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची पदं वेगळीच. पंचविशीत सेट झालेले चाळिशीला आले, तरी भरतीचं भिजत घोंगडं तसंच आहे. मोठ्या विद्यापीठांचीही सुटका नाही. व. शं. हुजुरबाजार केंब्रिजला शिकून आले आणि 1953 मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. तिथं शिकलेल्यांनी पुढं राज्यभर वर्ग घेतले. त्याच विद्यापीठाचं नाव राष्ट्रीय मानांकनात विद्यापीठांच्या गटात 2024 मध्ये 23 वं होतं, 2025 मध्ये ते 56 वर आलं. या मानांकनात विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती, याला वजन असतं. जागा रिकाम्या ठेवून वरचा क्रमांक कसा मिळेल?

आणि जाहिरात निघाली तरी पुढं काय होतं, हे गावागावांत सगळ्यांना माहीत आहे. एका विद्यार्थ्याचे वडील मला विचारायला आले होते, ‘मॅडम, दोन एकर काढलं तर पोराचं काम होईल का?’ पोराचं सेट झालेलं, पीएच.डी. झालेली. त्यांनी विचारला तो भाव माझ्या विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचा नव्हता, अनुदानित पदाचा होता. सगळ्याच संस्था असं करतात असं मी म्हणणार नाही. स्वच्छ मुलाखती घेणाऱ्या संस्था मला माहीत आहेत. पण जमीन विकून नोकरीला लागलेला माणूस पहिली दहा वर्षं कर्ज फेडतो, आणि ज्याच्याकडं विकायला काही नाही तो पुण्याची गाडी धरतो.

म्हणून निवड संस्थेबाहेर गेली पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित महाविद्यालयांसाठी कॉलेज सर्व्हिस कमिशन कित्येक वर्षं आहे. आयोग आला की सगळं सुरळीत होतं असं नाही, आयोगही रेंगाळतात. पण एक यादी, एक परीक्षा, गुण जाहीर आणि यादीतल्या क्रमानं महाविद्यालय, एवढं झालं तरी त्या वडिलांना माझ्या दारात यावं लागणार नाही. संस्थाचालक म्हणतात, संस्था आम्ही उभ्या केल्या, माणूस आम्हीच निवडणार. खेड्यापाड्यांत उच्च शिक्षण नेण्याचं श्रेय त्यांचं आहे, ते मी मनापासून मान्य करते. पगार मात्र लोकांच्या करातून होतो, तेव्हा निवडही लोकांना दिसेल अशीच व्हायला हवी.

पदं भरेपर्यंत तासिकेवरच्यांना बारा महिन्यांची नेमणूक आणि नियमित पदाचं किमान मूळ वेतन द्या. ही मागणी अवाजवी नाही. गुजरातमधल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना किमान वेतनश्रेणी द्यायचा आदेश दिला आणि समारंभात गुरूंचे गोडवे गाणाऱ्या व्यवस्थेला तिच्या वागण्याबद्दल खडे बोल सुनावले. आपल्या राज्यानं प्रत्येक शिक्षक कोर्टाची पायरी चढेपर्यंत का थांबावं?

मी दोन वर्षांनी निवृत्त होते आहे. प्राध्यापकाची निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहिलेली असते, त्यामुळं पद अचानक रिकामं झालं असं कुणालाच म्हणता येत नाही. माझ्या जागेची जाहिरात मी असतानाच निघावी, निवड झालेल्या माणसानं शेवटचं एक सत्र माझ्याबरोबर काम करावं आणि पुण्याला गेलेल्या सरांनाही त्या मुलाखतीला येता यावं, अशी मागणी मी प्राचार्यांकडं लेखी दिली आहे. राज्यातल्या प्रत्येक विभागप्रमुखानं आपापल्या पदासाठी ती द्यावी.