जड उचलू नकोस!

‘‘जड काही उचलू नकोस गं!’’ पन्नाशी ओलांडल्यापासून घरात हे वाक्य मी रोज ऐकते. पिठाचा डबा मुलगा उचलतो, गॅसचे सिलिंडर हे सरकवतात. माया आहे, तक्रार नाही. पण माझ्या आईलाही आम्ही असेच जपले होते. बहात्तराव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ती अडखळली आणि खुब्याचे हाड मोडले. नंतर ती पुन्हा घराबाहेर पडलीच नाही.

आता वाटते, त्या जपण्यातच चूक होती.

हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते सतत झिजते आणि भरते. जसा भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडले होते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि झीज वाढते. स्नायूही वयाबरोबर आटतात, त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्यावर आकडा तोच दिसतो. आतला हिशेब मात्र बिघडलेला असतो. नुसते उपास करून वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

‘‘मी रोज चालते की!’’ असे मैत्रिणी म्हणतात. चालणे हृदयाला उत्तमच. पण हाडांना त्याची सवय झालेली असते. त्यांना अधिक भार लागतो. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजने उचलणाऱ्यांच्या कण्याची घनता आठ महिन्यांत सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची सुमारे एक टक्क्याने घटली.

आमच्या आज्या जाते ओढत, विहिरीचे पाणी शेंदत. ते कष्ट मला परत नको आहेत. भार मात्र हवा आहे. महिला मंडळाच्या सभागृहात भजन होते, भिशी होते. तिथेच आठवड्यातून दोन दिवस जाणत्या शिक्षिकेच्या नजरेखाली वजने का उचलू नयेत? ज्यांचे हाड आधी मोडले आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून, हलक्यापासून सुरुवात करावी.

मी गेल्या वर्षी दोन किलोंपासून सुरुवात केली. आता पिठाचा डबा मीच उचलते. घरच्यांना एवढेच सांगणे आहे : ‘उचलू नकोस’ म्हणू नका, ‘सांभाळून उचल’ म्हणा.